निळ्या उजेडात माय दिसेना

आसेगावचा कार्यक्रम आटोपला तेव्हा मामा स्टेजच्या बाजूला आला आणि माझ्या मायला म्हणाला, "आवाज आईकू आला तुया. पण तू काई दिसली नाई."

मामी त्याच्याही पुढे गेली. तिने अगदी मनापासून विचारलं, "तुमी पडद्यामांगं चहा करून राह्यल्या होत्या का?"

माय पडद्यामागे नव्हती. ती स्टेजच्या मधोमध उभी होती. तिच्या माहेरच्या गावात, माहेरच्या माणसांसमोर, जन्मात पहिल्यांदा. आणि माहेरच्या माणसांनी तिला शोधलं कुठे, तर चुलीवरच्या चहाच्या गंजाजवळ.

आमचा जलसा म्हणजे गावातल्याच माणसांची एक टोळी. आधी गाणी, मग सवाल-जवाब, मध्ये एक हसवणारं नाटुकलं आणि शेवटी पुन्हा गाणी. शेलूबाजारपासून आत जीपने जावं लागतं अशा गावात आम्ही राहतो, आणि बोलावलं तर कुठेही जातो. समता हा आमचा मुख्य विषय. वर्षानुवर्षं पुरुष माणसं स्टेजवर समतेची गाणी म्हणत आणि बाया मागे समतेने सगळ्यांना चहा देत. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून हे पाहत होते. माझे बाबा मेळाव्यांत सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवरून, त्यामुळे मला उद्गारचिन्ह आधी काढता आलं आणि स्वल्पविराम फार उशिरा. अन्याय दिसला की मी पत्रक लिहिते. याही बाबतीत लिहिलं. मथळा होता, "चहा कुणी करायचा?" विहारात सगळ्यांसमोर वाचलं. ढोलकी वाजवणारा दादा म्हणाला, "वाच, वाच. पण आधी एक कप चहा आण, मंग समजन नीट." बाया हसल्या, पण कोणी उठलं नाही. त्या दिवशी कोणालाच चहा मिळाला नाही, आणि आठवडाभरात ठरलं की नाटुकल्यात एक भूमिका बाईला द्यायची.

कोणाला, हे विचारावं लागलं नाही. निंदणाच्या ओळीत माझी माय असली की बायांचा हात चालतो आणि तोंड बंद होत नाही. ती माणसांच्या नकला करते. बोलून नाही, चेहऱ्याने. ग्रामसेवक आला, दुकानदार आला, सोयरीक पाहायला आलेली सासू आली. बाया तुरीच्या ओळींमध्येच खाली बसून हसतात.

भूमिका होती साहेबाची. शिकून नोकरीला लागलेला, शहरात फ्लॅट घेतलेला आणि वर्षातून एकदा गावात येऊन खुर्चीवर बसणारा साहेब. लोक त्याच्याकडे गाऱ्हाणी आणतात. मी त्याला तीन पानांचं भाषण लिहिलं होतं, समाजाशी फारकत घेणाऱ्या सुशिक्षितांवर कोरडे ओढणारं. मायने ते एकदा ऐकलं आणि म्हणाली, "एवढं बोलन तं तो साहेब कायचा? साहेब बोलत नसते." तिने सगळं खोडलं आणि एकच शब्द ठेवला. "बघू."

बाकी सगळं चेहऱ्यावर. तालमीत विहारातली माणसं पोट धरून हसायची. आसेगावात कोणी हसलं नाही. हसणार कसं? चेहरा दिसला तर ना.

परतताना गावाच्या पाटीजवळ जीपमधून उतरली तेव्हा माय म्हणाली, "मले काढ त्याच्यातून, पोरी. लोकाइले उगाच वाट पाहा लागते, काई होईन म्हून."

मी म्हणाले, "काढत नाही. जयंतीच्या आठवड्यात आपल्याच गावात कार्यक्रम आहे. मामाची जीप भरून येणार आहे. त्या दिवशी तू दिसशील."

"कशी दिसन?"

"उजेड वाढवते."

माझ्या घरात आश्वासन म्हणजे जाहीरनामा. मागे घेता येत नाही.

आमच्याकडे चार एलईडी लाइट होते. मंडपवाले त्यांना पार म्हणतात. गोल डब्यासारखे, मागे पंख्याची जाळी, समोर काचेखाली दाणे. दाणे म्हणजे बारीक दिवे. लाल, हिरवे, निळे, पांढरे, भाकरीवर तीळ पेरावे तसे. मागच्या बटनांनी कोणता रंग लावायचा ते ठरवता येतं. आमच्या जलशात ती बटनं एकदाच दाबली गेली होती, लाइट आणले त्या दिवशी. चारही निळे. मागचा पडदा निळा, लाइट निळे, माइकच्या दांड्याला निळी रिबीन. हे असं का, असं कोणी विचारलं नव्हतं. श्वास का घेता, असं कोणी विचारतं का?

नवे लाइट आणायचा विषय विहारात निघाला आणि त्याच बैठकीत मावळला. मी म्हणाले, आहे तेच मी वाढवते. शेलूबाजारला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी वर्षभर बसले होते, सोल्डरिंगला हात बसलेला होता. आमचे शाहीर, म्हणजे जलशाचे पुढारी आणि बाबांचे चुलतभाऊ, शंकेने बघत म्हणाले, "मोबाइल छोटा राह्यते, बाई. हे लाइट हाय."

"छोट्यात हात बसला तर मोठ्यात बसत नाही का, काका?"

"नाई, बसते. पण जळला तं मोठा जळते."

पहिला लाइट मी ओट्यावर उघडला. वायर काढून ठेवली, थोडा वेळ जाऊ दिला, कारण आत वीज दबा धरून बसते. चार स्क्रू, मग काच, मग भिंगांची प्लेट. काच काढली आणि मी ओरडलेच. काचेवर धूर सोडण्याच्या मशीनचं तेल बसलं होतं आणि त्यावर कुठल्यातरी खळ्यातली तुरीची धूळ. अशा काचेतून सूर्यही पिवळा पडला असता. साबणाच्या पाण्याने काच धुतली, भिंगं धुतली, सुकवली. एवढ्यावरच उजेड चांगला वाढला. शहाण्या माणसाने इथे थांबलं असतं.

मी क्रांतीच्या बाजूची आहे. मी थांबले नाही.

अकोल्याहून जास्त जोराचे निळे दाणे मागवले. दाणे ज्या पत्र्यावर चिकटवलेले असतात तो पत्रा गरम करून जुने उचलायचे, नवे बसवायचे, प्रत्येकाची उलट-सुलट बाजू मीटरने तपासायची. एक दाणा उलटा बसला की ती अख्खी ओळ रुसते. हे जमलं. मग माझं लक्ष लाल दाण्यांकडे गेलं. निळ्यांइतकेच लाल. आमच्याकडे ते कधीच पेटत नव्हते. फुकट जागा अडवून बसलेले.

मी शाहिरांना विचारलं. ते म्हणाले, "लाल कायले पाह्यजे आपल्याले?"

ढोलकीवाला दादा म्हणाला, "लाल झेंडेवाल्याइचा कार्यक्रम असन तं त्याइले पाह्यजे. आपल्याले कायले?"

बैठकीत एकमताने ठरलं. लाल काढा, निळे भरा. मी मनातल्या मनात त्यावर एक पत्रकही लिहून टाकलं.

पण लालच्या जागी निळे बसवले तर ते पेटेनात. वीज प्रत्येक रंगाला सारखी लागत नाही. लालचं कमी दाबावर भागतं, निळ्याला जास्त दाब हवा. लालच्या ओळीला मिळणारी वीज निळ्यांना पुरत नव्हती. मग त्या ओळीसाठी वेगळा ड्रायव्हर आणला, म्हणजे दाण्यांना मापाने वीज देणारी छोटी पाटी. तो बसवला तर पत्रा असा तापला की बोट टेकवेना. मग पत्र्यामागे पांढरं मलम थापलं, त्याच्यावर अॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा. आमचा ओटा त्या दिवसांत दवाखान्यासारखा दिसायचा. माय त्यातून परात काढायला यायची आणि म्हणायची, "वाचन का पेशंट?"

"वाचेल."

"मले दिसू देईन का?"

"माय, तू तर मामाच्या घरूनसुद्धा दिसशील."

चारही लाइट तयार झाले. दिवस मावळल्यावर विहाराच्या अंगणात तालीम ठेवली. निळा पडदा बांधला, लाइट बांबूला चढवले, मी स्विच दाबला.

काय सांगू! अंगणात आभाळ उतरलं. बाजूच्या कडुलिंबावर झोपायला आलेले बगळे फडफडत उठले. कुत्री भुंकली. शाहिरांच्या डोळ्यांत पाणी आलं. भरून आलं म्हणून की लाइटकडे सरळ पाहिलं म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "बाई," ते म्हणाले, "हा लाइट नोय. हा विचार हाय."

मी मान ताठ केली आणि म्हणाले, "माय, ये आता."

माय आली. म्हणजे बाबांचा पांढरा शर्ट आला. शर्ट झगझगत चालत खुर्चीपर्यंत गेला आणि बसला. शर्टाच्या वर अंधार होता आणि अंधारात दोन डोळे होते. एवढंच. बाकीची माय पडद्यात विरघळली होती.

ढोलकीवाल्या दादाने तोंड उघडलं. "काकू, हसा जराशा. दात दिसले म्हंजे पत्ता लागन."

माय हसली. दात दिसले. ते पाहून अंगणातली एक लहान पोरगी रडायला लागली.

मला वाटलं उजेड कमी पडतो. मी चारही लाइट पूर्ण जोरावर नेले. शर्ट आणखी पेटला, डोळे आणखी पांढरे झाले, माय आणखी काळी झाली. मी लाइट जवळ सरकवले. तसंच. एवढा खटाटोप करून मी माझ्या जन्मदातीला गायब करण्याचं यंत्र तयार केलं होतं.

माय उठली आणि विहाराच्या पायरीवर जाऊन बसली. शाहीर समजूत घालायला गेले, "वहिनी, रंग चांगला आला पण." तेवढ्यात सतरंज्या गुंडाळायच्या म्हणून कोणीतरी ओसरीवरचा दिवा लावला. जुना पिवळा बल्ब, काचेवर किडे, उजेड इतका की सतरंजीचा रंग कळावा. शाहीर पुन्हा म्हणाले, "पुढच्या वेळी दिसान, वहिनी." मायने त्यांच्याकडे साहेबासारखं पाहिलं. एक भुवई थोडी वर गेली, खालचा ओठ थोडा पुढे आला, नजर शाहिरांच्या डोक्यावरून लांब कुठल्यातरी फायलीकडे गेली.

"बघू," ती म्हणाली.

अख्खं अंगण हसलं. मागच्या माणसांनाही दिसलं होतं. त्या मरतुकड्या पिवळ्या बल्बमध्ये.

मी बल्बकडे पाहिलं, मग मायकडे, मग माझ्या चार निळ्या चमत्कारांकडे. मग माझ्या स्वतःच्या हाताकडे. हात निळ्या उजेडात धरला, काळाठिक्कर. पिवळ्यात धरला, तांबूस, रेषा न् रेषा दिसणारा. आमच्या अंगाचा रंग मातीचा आहे. त्यात तांबडं आहे, पिवळं आहे. तांबडा उजेड दिला तर आमची कातडी तो परत फेकते आणि चेहरा दिसतो. निळा दिला तर ती तो गिळून टाकते. आम्ही लाइटमधून नेमका तोच रंग उपटून टाकला होता ज्यात आम्ही दिसतो. तोही एकमताने.

लाल दाणे श्रीखंडाच्या डब्यात पडलेले होते. फेकले नव्हते, कारण आमच्या घरात डब्यात गेलेली वस्तू फेकली जात नाही. एकेक दाणा मीटरने तपासला. काढताना काही मेले होते, बरेच जिवंत निघाले. दोन लाइटांचे निळे पुन्हा उपटले आणि लाल बसवले, त्यांच्या जुन्या विजेवर. लाल पूर्ण, त्यात थोडा हिरवा, थोडा पांढरा असं बटनांनी जुळवत गेले. मायला समोर बसवलं होतं. एका जागी येऊन तिचा चेहरा असा फुलला की ओठाजवळचा तीळही दिसला. तिने आरशात पाहिलं. "हे बरं हाय," म्हणाली. "जरा म्हातारी दिसून राह्यली, पण दिसून राह्यली."

शाहिरांना दाखवायला नेलं. त्यांनी भिंतीवर पडलेला उजेड पाहिला आणि दोन पावलं मागे सरकले.

"बाई. हे तं भगवं हाय."

"काका, हे अंबर आहे."

"इंग्रजीत सांगितलं म्हून रंग बदलत नाई. जयंतीच्या कार्यक्रमात आपल्या स्टेजवर भगवा उजेड? लोक काय म्हनतीन?"

मी तोंड उघडलं, पण त्यांनी खिशातून चष्मा आणि माझंच जुनं पत्रक काढलं. ते माझी पत्रकं जपून ठेवतात याचा मला आजवर अभिमान वाटायचा. त्यांनी वाचलं, "'निळा हा आमचा रंग नाही, तो आमचा श्वास आहे. त्यात दुसरा रंग मिसळणारा तो तडजोडीचा दलाल!' हे कोनं लिहिलं?"

"मी."

"मंग?"

स्वतःच्या उद्गारचिन्हाने मार खाणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी वाद घातला. म्हणाले, चीवराचा रंग कोणता? भिक्खूंना परत पाठवणार का? पंचरंगी धम्मध्वजात हा पट्टा आहे की नाही? शाहीर म्हणाले, आहे, पण पाचात एक आहे, एकटा नाही. मी म्हणाले, रंग कोणाच्या बापाचा नसतो, आम्ही भीतीने एखादा रंग सोडून दिला तर तो त्यांना आंदण जातो. ढोलकीवाला दादा म्हणाला, "हे चांगलं हाय. हे लिहून काढ. लाइट मात्र निळाच लाव."

माय इतका वेळ दाराशी उभी होती. बाकीच्या बायाही होत्या. माय आत आली, साडीवरून घातलेला साहेबाचा शर्ट काढला, घडी घातली आणि शाहिरांच्या पुढ्यात ठेवला.

"मंग लाइटलेच पाठवा स्टेजवर," ती म्हणाली. "लाइटच म्हनन बघू. अन् भाऊजी, चहा बी त्याच्याकूनच करून घ्या."

तिच्यामागच्या बायांनी माना डोलावल्या. शाहीर शर्टाकडे पाहत राहिले. सिद्धांतासाठी ते तुरुंगात गेले असते. पण जयंतीच्या आठवड्यात, पाहुण्यांनी भरलेल्या गावात, चहाशिवाय? आणि मला तेव्हा सुचलं, खरं तर आधीच सुचायला हवं होतं, की लाइट चार आहेत. सगळ्यांनी माणसाकडेच तोंड करून का उभं राहायचं? दोन माझे निळे मागे जमिनीवर ठेवायचे, पडद्याकडे तोंड करून. झेंड्याचा निळा पडद्यावर पडेल, काय पेटायचा तेवढा पेटेल. दोन तांबूस समोर, माणसांवर.

शाहिरांनी तिथेच लावून पाहायला सांगितलं. पडदा असा उजळला की जणू त्याच्या मागून सकाळ होत होती. आणि त्याच्यासमोर माझी माय सुटी उभी राहिली, पडद्यापासून वेगळी, कडेपासून कडेपर्यंत. शाहीर बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी माझं पत्रक घडी करून खिशात टाकलं.

"आता निळा बी जास्त निळा दिसून राह्यला," ते म्हणाले. जणू हे त्यांनीच सुचवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मामाची जीप आली. मामा, मामी, मावश्या, मागे लोंबकळणारे भाचे. मामा सरकारी कचेरीतून मोठा बाबू म्हणून निवृत्त झालेला. घराण्यातला पहिला नोकरदार. त्यामुळे त्याच्यासाठी पहिल्या रांगेत हातांची प्लास्टिकची खुर्ची, आणि बाकीच्या आसेगावला सतरंजी. माय पडद्याच्या फटीतून पाहत होती. "कोठी बसला दादा?"

"समोरच."

"चष्मा हाय ना त्याच्याजवळ?"

"आहे, माय. तू जा तयार हो."

मी म्हणाले, दिसशील. ती म्हणाली, ते आसेगावात बी म्हनली होती तू. मी आसेगावात म्हटलं नव्हतं, पण तिच्याशी त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गाणी झाली. सवाल-जवाब झाले. निळा पडदा पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या, नुसत्या पडद्याला. नाटुकलं सुरू झालं आणि माय यायच्या थोडं आधी समोरचा डावा लाइट फुरफुरला, मिचकावला आणि विझला. आदल्या दिवशी मी त्या दोघांनाही थोडी जास्तच वीज पाजली होती. वाढवायचं म्हटल्यावर थांबायचं कुठे हे मला अजून येत नव्हतं. अर्धं स्टेज अंधारात गेलं आणि साहेबाची खुर्ची नेमकी त्या अर्ध्यात होती.

मी बांबूवरून उजवा लाइट सोडवला. वायर लांब होती. तो खाली घेतला, डब्याला पोतं गुंडाळलं आणि स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसून तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. बंदूक धरतात तसा. माय आली आणि मी तिच्यावर तो रोखला.

ती चालली की मी फिरायचे. आता स्टेजवर दुसरं काहीच दिसत नव्हतं. फक्त मागे निळं आणि मध्ये माझी माय. ती खुर्चीपाशी आली. खुर्चीकडे तिने असं पाहिलं की खुर्चीला स्वतःची लाज वाटावी. फुंकर मारून धूळ उडवली. पहिलं हसू आलं, मागच्या रांगांतून. ती बसली. एकाने रस्त्याचं गाऱ्हाणं सांगितलं. तिने नाकावरचा साहेबाचा चष्मा काढला, दोन्ही काचांवर तोंडाने वाफ सोडली, शर्टाच्या टोकाने पुसायला लागली. आधी उजवी काच, मग डावी, मग उगाच पुन्हा उजवी. चष्मा वर धरून आरपार पाहिलं. डोळ्यांवर चढवला. मग गाऱ्हाणं सांगणाऱ्याकडे, तो अजून जिवंत आहे याचं आश्चर्य वाटल्यासारखं पाहिलं.

"बघू."

मैदान फुटलं. सतरंजीवरचं आसेगाव सगळ्यात जास्त हसत होतं, एकमेकांना कोपरं मारत. मामी पदरात तोंड घालून डोलत होती. मला कळेना, ते एवढे का हसतात. नकला चांगल्या होत्या, पण एवढ्या?

दुसरं गाऱ्हाणं आलं, पाण्याचं. मायने पुन्हा चष्मा काढला, पुन्हा वाफ. आणि पोत्यातून माझ्या तळहाताला चटका बसला. मी हात बदलायला गेले, लाइट घसरला आणि त्याचा झोत स्टेजवरून उतरून सरळ पहिल्या रांगेवर पडला.

खुर्चीत मामा बसला होता. त्याने चष्मा काढलेला होता. काचांवर वाफ सोडून झाली होती आणि तो शर्टाच्या टोकाने पुसत होता. उजवी, डावी, पुन्हा उजवी.

सगळ्या गावाने पाहिलं. मामाने झोतात डोळे बारीक केले आणि सवयीने चष्मा वर धरून आरपार पाहिलं.

मला लाइट वळवायला हवा होता. मी वळवला नाही. वळवता आला नाही असं म्हणते, लोकांना सांगताना.

आणि माय, जी आसेगावातून येताना मला यातून काढ म्हणाली होती, ती खुर्चीतून उठली, स्टेजच्या कडेशी आली, मामाकडे वाकून पाहिलं आणि हात जोडले. "साहेब! तुमी बी आले का?"

त्यापुढचं नाटुकलं झालंच नाही. दोन गाऱ्हाणी राहून गेली. लोक उभे राहून हसत होते, आणि बसलेले लोक सतरंजीवर आडवे झाले होते. शाहिरांनी ढोलकीवाल्याला खूण केली, पण त्यालाही थाप मारता येत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मामा जीपजवळ उभा होता. त्याच्याजवळ कोणी जात नव्हतं. मामी दुरूनच म्हणाली, "मी तं पह्यल्या फुंकरीतच ओयखलं. पस्तीस वर्सं पाहून राह्यली." माय शर्टाच्या बाह्या खाली करत त्याच्याकडे गेली. मी तिच्या मागे. मला वाटलं आता भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं की काय. घराण्यातला पहिला नोकरदार. यानेच मायच्या लग्नात सगळं उभं केलं होतं, आणि यानेच ती शाळेत जायचं म्हणाली तेव्हा "बघू" म्हटलं होतं. हे मला माहीत होतं. यावर मी पत्रक लिहू शकले असते. मायने लिहिलं नव्हतं. तिने फक्त ते पुसलं होतं, उजवी काच, डावी काच.

मामाने चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाला, "मी शर्टानं पुसत नाई. रुमाल राह्यते मायाजवळ." त्याने खिशातून रुमाल काढून दाखवला. इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती.

"बरं, दादा," माय म्हणाली.

"अन् ओठ एवढा पुढं काढत नाई मी."

मामी म्हणाली, "काढता."

मामाने रुमाल आहे त्या घडीत परत खिशात ठेवला. जीपमधले भाचे खिडकीतून कान देऊन होते. "आसेगावले पुन्हा ठेवा हा कार्यक्रम," तो शेवटी म्हणाला, माझ्याकडे न पाहता, कचेरीत हुकूम द्यावा तसा. "तठी लोकाइनं काईच पाह्यलं नाई. म्हनतात, याची बायको चहा करते, बहीन बी चहाच करते. पाहू द्या त्याइले." मग बोट वर केलं. "पण मी समोर नाई बसनार. मी मांगं बसतो, झाडाखाली."

माय हसली. त्या अंधारात तिचे दात दिसले.

"बस ना, दादा, कोठीबी," ती म्हणाली. "लाइट पोचते आता."